उकिडवं बसलेलं मूल

चार पावलं चालून धापा टाकणारं, ओठ आणि नखं निळी पडलेलं मूल वाटेतच उकिडवं बसतं आणि थोड्या वेळात सावरतं. मार्सेयच्या एतिएन फालो यांनी १८८८ साली ज्या चार दोषांची एकत्र मांडणी केली, त्या दुखण्याची ही जुनी खूण. गुडघे पोटाशी आले की पायांकडच्या रोहिण्या दाबल्या जातात, शरीराकडे निघालेल्या रक्ताची वाट जड होते आणि काही रक्त फुप्फुसाकडे वळतं. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये २९ नोव्हेंबर १९४४ला शस्त्रवैद्य आल्फ्रेड ब्लेलॉक यांनी हाताकडे जाणारी रोहिणी फुप्फुसाच्या रोहिणीला जोडली, तेव्हा हेच वळण कायमचं करून दिलं. कल्पना बालहृदयतज्ज्ञ हेलन टाउसिग यांची. तंत्र कुत्र्यांवर बसवलं होतं ब्लेलॉक यांचे प्रयोगशाळेतले सहायक व्हिव्हियन थॉमस यांनी, आणि त्या दिवशी ते ब्लेलॉक यांच्या पाठीमागे स्टुलावर उभे राहून टाके सांगत होते. या यशापासून जन्मजात हृदयदोषांचा इतिहास गवंड्याच्या आणि नळवाल्याच्या भाषेत लिहिला गेला: भोक बुजवा, अरुंद वाट रुंद करा. पण त्याच मुलांच्या हृदयात स्नायू, चेता आणि संप्रेरकं यांची दुसरी गोष्ट चालू होती, आणि तिचा काही पुरावा हृदयावरच्या शस्त्रक्रियांनीच हाती दिला.

फालोच्या आजारातली फुप्फुसाकडची अरुंद वाट काही लोखंडी नळी नव्हे. मूल रडून निळंकाळं होतं, तेव्हा उजव्या निलयाच्या, म्हणजे हृदयाच्या खालच्या कप्प्याच्या, तोंडाशी असलेला स्नायू आवळतो, असं मानलं जातं. साठच्या दशकात अशा झटक्यांवर प्रोप्रानोलॉल, म्हणजे ॲड्रेनॅलिनचा हुकूम अडवणारं औषध, वापरात आलं ते त्यामुळेच. १९६३मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय हृदय संस्थेत चिडसी, ब्राउनवाल्ड आणि सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेत मिळालेले अलिंदाचे, म्हणजे वरच्या कप्प्याचे, तुकडे तपासले. थकलेल्या हृदयांच्या तुकड्यांत नॉरॲड्रेनॅलिनचा, म्हणजे चेतांच्या निरोप्याचा, साठा घटलेला होता. पुढे १९८१मध्ये कॅनडात आडोल्फो द बोल्ड यांनी उंदरांच्या अलिंदाचा अर्क दुसऱ्या उंदरांना टोचला, तर लघवीतून पाणी आणि मीठ भरभरून बाहेर पडलं. म्हणजे हृदय स्वतःच संप्रेरक बनवणारी ग्रंथी निघालं.

यावर आक्षेप असा की हे सगळे परिणाम आहेत. मूळ दोष दुरुस्त झाला की ओसरतील. काही अंशी ते खरं आहे. पण लंडनमध्ये झालेल्या आणि २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जन्मजात दोष असलेल्या प्रौढांत, अगदी लक्षणं नसलेल्यांतही, ही संप्रेरकं वाढलेली आढळली. सततच्या हुकमाने स्नायूही बदलतो आणि परिणामच पुढे कारण होऊन बसतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार: २००७मध्ये हृदय थकलेल्या १६१ मुलांवर प्रोप्रानोलॉलच्याच जातीच्या कार्व्हेडिलॉलची चाचणी झाली आणि एकंदर फायदा सिद्ध झाला नाही. मला मात्र हा निकाल चेता-संप्रेरकांच्या विचाराविरुद्ध जाणारा वाटत नाही. शरीराचा भार डाव्या निलयावर असलेल्या मुलांत कल सुधारण्याकडे होता. ज्यांच्यात तो भार डाव्या निलयावर नव्हता, त्यांच्यात उलट दिशेला. हे फक्त कल आहेत, पण एकाच औषधाला दोन स्नायू वेगळं उत्तर देत असतील, ही शंका त्यांनी उभी केली.