दा, रा आणि विजेची गिटार

नागपुराहून इटारसीकडे जाणारी आगगाडी काटोल व नरखेड मागे टाकून पांढुर्ण्यास पोहोचते, तेव्हा राज्य बदललेले असते, भाषा मात्र बदललेली नसते. फलाटावरची पाटी मध्य प्रदेशाची. परंतु संत्र्यांचा सौदा करणाऱ्या माणसांचे बोलणे ऐकावे तर ते थेट नागपुरी वळणाचे मराठी. १ नोव्हेंबर १९५६ रोजी प्रांतांची फेरमांडणी झाली. विदर्भ मुंबई राज्यात गेला, आणि छिंदवाडा जिल्ह्यातील पांढुर्णा व सौंसर हे तालुके नव्या मध्य प्रदेशातच राहिले. २०२३ साली ह्या दोन तालुक्यांचा मिळून पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात होणारी गोटमार आणि सौंसर तालुक्यातील जामसावळीचा निद्रिस्त मारुती, ह्या दोन गोष्टींसाठी हा मुलूख बाहेरच्यांस ठाऊक आहे.

ह्या मुलुखातील गाणे म्हणजे मुख्यतः भजन. पेटी, ढोलक, टाळ आणि राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी घरोघर नेलेली खंजिरी. त्यांच्या जोडीला गेल्या काही दशकांत गणेशोत्सवाच्या मांडवात विजेवर चालणारी गिटार येऊन बसू लागली. ती शिकू पाहणाऱ्या तरुणांची तक्रार सगळीकडे एकच असते. डाव्या हाताची बोटे पडद्यांवरून धावतात, पण नखी धरलेला उजवा हात मागे राहतो. वेग वाढवावयास जावे तर मनगट ताठते, खांदा दुखू लागतो आणि स्वर एकमेकांत मिसळून नुसता खडखडाट होतो. गुरू जवळ नाही. जे आहे ते मोबाइलच्या पडद्यावर, आणि तेही बहुधा परक्या भाषेत. ही विद्या पूर्णपणे पाश्चात्त्यांची, आपल्याकडे तिचे मूळ नाही, असे त्याला वाटले तर त्यात त्याचा दोष नाही. वडीलधाऱ्यांनाही तसेच वाटते. परंतु उजव्या हाताच्या जलद आघाताचा इतिहास पाहू गेले असता निराळेच चित्र दिसते.

आघातास नाव देणे, ही आपल्या तंतुवाद्यांच्या परंपरेची मोठीच करामत होय. सतारीवर तर्जनीतील नखी आत, वादकाकडे, ओढली म्हणजे 'दा'. बाहेर लोटली म्हणजे 'रा'. दोन्ही मिळून निम्म्या वेळात बसवली म्हणजे 'दिर'. सरोदावर जवा खाली मारला म्हणजे 'दा' आणि वर आणला म्हणजे 'रा'. गिटारवादक नखी सरोदियाप्रमाणेच धरतो, म्हणून त्याने सरोदाचा हिशेब घ्यावा. लीड गिटारचा शिक्षक 'खाली, वर, खाली, वर' म्हणून जे पहिल्या दिवशी शिकवतो, ते आणि 'दा रा दा रा' हे एकच. फरक इतकाच की 'खाली' हा शब्द हाताची दिशा सांगून थांबतो. 'दा' दिशेबरोबर वजनही सांगतो. 'दा' भारदस्त, 'रा' हलका, आणि 'दिर' तोंडाने म्हटला तरी त्याची धाव कानास कळते.

ह्या बोलांवरच गतींची सारी इमारत उभी आहे. मसीतखानी गतीत 'दिर दा दिर दा रा दा दा रा' असा ठरलेला संथ क्रम असतो. रजाखानी गत द्रुत. तिचे नाव एकोणिसाव्या शतकातील लखनौच्या गुलाम रजा ह्यांच्याशी जोडले जाते. आणि झाल्यात तर उजवा हातच राजा. बाजाच्या तारेवर एक 'दा', लगोलग चिकारीवर 'रा रा रा'. हेच चक्र लय चढत जाईल तसे इतके वेगाने फिरते की ऐकणाऱ्यास दोन वादक बसले आहेत असा भास व्हावा. रुद्रवीणेवर ह्याचा आणखी जुना नमुना सापडतो. बीनकार तर्जनी व मध्यमा ह्या दोन बोटांत नख्या घालतो आणि करंगळीने चिकारी छेडतो.

बीनेची ही विद्या गिटारीपर्यंत कशी आली, ह्याचा धागा स्पष्ट आहे, आणि पांढुर्णेकरांना अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे तो त्यांच्याच राज्यातून जातो. रामपूरचे बीनकार वजीर खाँ ह्यांचे शिष्य अल्लाउद्दीन खाँ मैहरास येऊन स्थायिक झाले. धर्माने मुसलमान असलेला हा साधक मैहरच्या शारदामातेचा निस्सीम भक्त होता. त्यांच्या हाताखाली पुत्र अलि अकबर खाँ सरोद शिकले, कन्या अन्नपूर्णादेवी आणि रविशंकर तयार झाले. अलि अकबरांचे शिष्य ब्रिजभूषण काबरा हे जोधपूरचे. त्यांनी गिटार मांडीवर आडवी घेतली, डाव्या हाताने तारांवर पोलादी दांडी सरकवली, उजव्या हातात नख्या चढवल्या आणि तीवर आलाप, जोड, झाला वाजवला. शिवकुमार शर्मा व हरिप्रसाद चौरसिया ह्यांच्यासह त्यांची 'कॉल ऑफ द व्हॅली' ही ध्वनिमुद्रिका १९६७ साली निघाली. काबरांची गिटार लीड गिटार नव्हे, हे खरे. परंतु गुरुशिष्यांच्या चारच पायऱ्यांत बीनेचा झाला गिटारीच्या तारांवर उतरला, हे दाखवण्यास एवढे पुरे आहे.

दुसरा धागा समुद्रावरून आला. तो गोमंतकातील वाचकांना अधिक परिचयाचा. पोर्तुगीज राजवटीत चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांना पाश्चात्त्य स्वरलिपी शिकवली जाई. त्या शिक्षणातून व्हायोलिन, मँडोलिन, गिटार वाजवणाऱ्यांच्या पिढ्या निघाल्या आणि पोटासाठी मुंबईस आल्या. हिंदी चित्रपटाचे वाद्यवृंद बरेचसे त्यांनीच उभे केले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे त्यांपैकीच. व्हायोलिनचे हे गुरू. त्यांचे शिष्य प्यारेलाल ह्यांनी १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'मध्ये एका गाण्यात गुरूचे नाव अजरामर करून ऋण फेडले.

मँडोलिनकडे येथे जरा थांबून पाहावयास हवे, कारण जलद नखीची खरी शाळा तीच. तिच्या तारांच्या चार जोड्या असतात आणि सूर छेडल्याबरोबर विरून जातो. लांब सूर हवा असेल तर नखी खाली-वर इतक्या वेगाने हलवीत राहावी लागते की आघातांचा मिळून एकच थरथरता स्वर व्हावा. हे काम खांद्याने किंवा कोपराने होत नाही. मनगट सैल आणि नखीचे टोक तारेच्या पलीकडे जेमतेम निघालेले, असेच ते साधते. लक्ष्मीकांत कुडाळकर हे संगीतकार होण्यापूर्वी मँडोलिनवादक होते. १९३७ साली लक्ष्मीपूजनाच्या दिवशी जन्मले म्हणून नाव लक्ष्मीकांत. बालपण विलेपार्ल्याच्या गरीब वस्तीत गेले. वयाच्या दहाव्या वर्षाच्या सुमारास कुलाब्याच्या रेडिओ क्लबात लता मंगेशकरांच्या कार्यक्रमात त्यांनी मँडोलिन वाजवले आणि लताबाईंचे लक्ष त्या मुलाकडे गेले, असे सांगतात. मंगेशीच्या देवळाच्या आसमंतात जन्मलेल्या मास्टर दीनानाथांची कन्या आणि हे नखी धरणारे पोर, ह्यांची गाठ पडली ती अशी. पुढे 'पारसमणि' (१९६३) पासून लक्ष्मीकांत-प्यारेलाल हे नाव झाले. त्यांच्याच 'कर्ज' (१९८०) चित्रपटात पूर्वजन्माची आठवण जागी करणारी जी गिटारीची धून आहे, ती प्यारेलालांचे बंधू गोरख शर्मा ह्यांनी वाजवलेली. देशभरातील किती मुलांनी गिटार हाती घेतली ती केवळ ह्या धुनेपायी, ह्याची मोजदाद होणार नाही.

आता विजेची गोष्ट. साध्या गिटारीचा आवाज पोकळ लाकडी पेटीतून निघतो; तो दूरवर न्यावयाचा तर तार जोराने छेडणे भाग. १९३१ च्या सुमारास अमेरिकेत जॉर्ज बोशाँ व ॲडॉल्फ रिकनबॅकर ह्यांनी तारांजवळ लोहचुंबक व तांब्याच्या तारेचे वेटोळे बसवले. पोलादी तार कंप पावली की वेटोळ्यात सूक्ष्म विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो, आणि तो मोठा करून कर्ण्यातून ऐकवता येतो. ते वाद्य ॲल्युमिनियमचे, गोल बुडाचे व लांब दांड्याचे होते. लोकांनी त्याला तळणीचा तवा असे नाव ठेवले. मांडीवर ठेवून वाजवावयाची ती हवाईयन गिटार होती. आपल्याकडेही विजेची गिटार घरोघर ऐकू आली ती प्रथम ह्याच रूपाने. लखनौचे व्हॅन शिप्ली ह्यांच्या चित्रपटगीतांच्या गिटारवादनाच्या तबकड्या एके काळी फार लोकप्रिय होत्या. नागपूरचे आकाशवाणी केंद्र १९४८ साली व विविधभारती १९५७ साली सुरू झाली, आणि मुंबईतील नखीचे काम रेडिओवाटे सौंसरच्या ओसरीपर्यंत येऊ लागले. जी वाद्ये कधी पाहिली नाहीत ती तेथील कानांना ओळखीची झाली.

विजेमुळे उजव्या हाताचे ओझे उतरले. जोराची गरज संपली. तारेस हलका स्पर्श झाला तरी पुरते. पण त्याबरोबर एक संकटही आले. ध्वनिवर्धक भल्याबुऱ्याचा विवेक करीत नाही. चुकून लागलेली शेजारची तार, घसटलेली नखी, सारे तो तितक्याच मोठ्याने ऐकवतो. म्हणून लीड गिटारवादक तळहाताची कड न लागणाऱ्या तारांवर टेकवून त्यांचे तोंड बंद ठेवतो. वेगाइतकीच ही मौनाची कलाही शिकावी लागते, आणि माझ्या मते नवशिके हिच्याकडेच सर्वांत अधिक दुर्लक्ष करतात.

अमेरिकेत जलद नखीची लाट उठवणारा डिक डेल हा लेबनीज वंशाचा. त्याने १९६२ साली 'मिसिर्लू' ही भूमध्य सागराकाठची जुनी धून विजेच्या गिटारीवर एकाच तारेवर अखंड खाली-वर आघात करीत वाजवली. त्या वेगामागे घरातील अरबी ताल होता, असे तो सांगे. अरबांचे ऊद हे वाद्य गरुडाच्या पिसाच्या देठाने छेडण्याची रीत जुनी आहे. म्हणजे जिला अमेरिकन म्हणावे तिचीही पाळेमुळे पूर्वेकडेच निघाली! इंग्लंडचे जॉन मॅक्लॉफ्लिन तर ह्याहून जवळ आले. १९७१ साली त्यांनी 'महाविष्णू ऑर्केस्ट्रा' काढला. ते नाव त्यांना गुरू श्री चिन्मय ह्यांनी दिलेले. पुढे एस. रामनाथन् ह्यांच्यापाशी ते वीणा शिकले आणि झाकिर हुसेन, एल. शंकर व विनायकराम् ह्यांच्यासह 'शक्ति' हा संच उभा केला. त्यांच्या नखीची जात म्हणजे काटेकोर दा-रा. एकेक स्वर वेगळा, मोजून घ्यावा असा. दक्षिणेत यू. श्रीनिवास (१९६९–२०१४) ह्यांनी पाच तारांच्या विजेच्या मँडोलिनवर कर्नाटक संगीताचा सारा विस्तार उभा केला, तोही नखीच्याच बळावर.

गिटार भजनात शोभेल काय, असा प्रश्न देवळाच्या सभामंडपात विचारला जातो. तो विचारणाऱ्यांना एवढेच आठवून द्यावेसे वाटते की पेटीही परदेशातूनच आली. आकाशवाणीने १९४० साली तिला दाराबाहेर काढले होते आणि १९७१ पर्यंत ती बाहेरच होती. भजनी मंडळांनी मात्र तिला एक दिवसही सोडले नाही.

आता विद्यार्थ्याचा हिशेब. लयीचा काटा मिनिटास १२० वर ठेवून प्रत्येक मात्रेत चार आघात बसवले तर मिनिटास ४८० आघात होतात, म्हणजे सेकंदास आठ. जो केवळ वरून खाली वाजवतो त्याला दर आघातानंतर हात रिकामा वर आणावा लागतो. त्याच्या हाताच्या हालचाली सोळा होतात. दा-रा वाजवणाऱ्याच्या आठच. कष्ट निम्मे होतात ते येथे, स्नायूंच्या ताकदीत नव्हे. खरी अडचण तार बदलताना येते. एका तारेवर तीन स्वर असले की 'दा रा दा' झाले, आणि पुढच्या तारेची सुरुवात 'रा'ने करावी लागते. हाताला सवय 'दा'ने आरंभ करण्याची. तो अडखळतो, आणि विद्यार्थी समजतो की आपला वेग कमी आहे. त्याने 'दा रा दा, रा दा रा' असे सहा बोल तोंडाने म्हणून पाहावेत. ज्याने लहानपणी भजनात दादऱ्याच्या सहा मात्रांवर टाळ धरला आहे, त्याला दुसऱ्या तीनचा आरंभ कोठे येतो हे सांगावे लागत नाही. मग काटा ६० वर आणावा, प्रत्येक मात्रेत एकच बोल, आणि हलक्या 'रा'वर मुद्दाम वजन द्यावे. ते साधले की मात्रेत दोन, मग तीन, मग चार. मनगट ताठल्याचे जाणवताच एक पायरी खाली उतरावे.

नखी कोणती घ्यावी, हाही प्रश्न येतो. मऊ नखी तारेवर वाकते व उशिरा परत येते. जलद कामास जाड व टोकदार बरी. पूर्वी पाश्चात्त्य वादक कासवाच्या पाठीची नखी वापरीत. त्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय बंदी आली आणि आज प्लॅस्टिकच्या नख्या सर्वत्र चालतात. आपला सरोदिया मात्र कधीपासून नारळाच्या करवंटीचा जवा करून घेत आला आहे. देवळात नारळ फुटल्यावर खोबरे प्रसादात जाते आणि करवंटी बाजूस पडते. ती कानशीने घासून, कडा पाण्यावरच्या दगडावर गुळगुळीत करून, गिटारीच्या पोलादी तारेवर मी लावून पाहिली आहे. आवाज जरा कोरडा येतो, पण 'रा' 'दा'इतकाच स्वच्छ उमटतो.