राख, चिंच आणि यंत्र : वऱ्हाडातील भांडी घासण्याचा इतिहास

वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातील जऊळका हे गाव अकोला–पूर्णा लोहमार्गावरील स्थानकामुळे ‘जऊळका रेल्वे’ या नावाने ओळखले जाते. हा सारा परिसर जलविभाजकाचा, म्हणजे दोन नदीखोऱ्यांच्या मधल्या उंचवट्याचा, असून येथून जवळच उगम पावणारी काटेपूर्णा उत्तरेकडे वाहत पूर्णेमार्गे तापीला मिळते, तर जिल्ह्याच्या दक्षिण अंगाने जाणारी पैनगंगा आपले पाणी गोदावरीच्या खोऱ्यात नेते. उगमाजवळचे ओढे-नाले लहान असतात आणि उन्हाळ्यात ते लवकर आटतात. त्यामुळे अशा भूभागातील घरात पाणी ही मोजून वापरण्याची वस्तू ठरते, आणि उष्टी भांडी कशी, कशाने, कुठे व कोणी घासावीत या प्रश्नाचे उत्तरही प्रथम पाण्यापाशीच शोधावे लागते. चूल, धातू आणि पाणी या तिघांपैकी एकात बदल झाला की भांडी घासण्याची रीत बदलते, असे वऱ्हाडाच्या गेल्या दीडशे वर्षांच्या घरगुती इतिहासावरून दिसते. आज शहरातील ओट्याखाली बसणारा डिशवॉशरही या नियमाला अपवाद नाही.

जुन्या पद्धतीचे मुख्य द्रव्य राख हेच होते. चुलीत बाभळीचे सरपण, तुरीच्या तुराट्या, पऱ्हाट्या म्हणजे कापसाची वाळलेली झाडे, आणि गोवऱ्या जळत. त्यांची राख सकाळी काढून चाळली जाई आणि मोरीपाशी एका फुटक्या गाडग्यात ठेवली जाई. नारळाच्या काथ्याची किंवा दोडक्याच्या वाळलेल्या जाळीची घासणी ओली करून राखेत बुडवायची, भांडे आतून-बाहेरून घासायचे आणि सगळी भांडी घासून झाल्यावर ती एकदमच विसळायची, हा क्रम पाणी वाचवणारा होता. लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट हा अल्कधर्मी क्षार असतो. तो तेल-तुपाच्या थराचे अंशतः साबणात रूपांतर करतो, आणि राखेचे बारीक कण तो थर खरवडून काढतात. राख हा टाकाऊ पदार्थ आहे, असा समज पुढे पसरला. वस्तुतः ती घरातच रोज तयार होणारे आणि विकत न घ्यावे लागणारे रसायन होती.

राखेचे काम जिथे संपे तिथे चिंचेचे सुरू होई. तांब्या-पितळेवर हवेतील प्राणवायूमुळे आणि ओलाव्यामुळे जो काळपट किंवा हिरवट थर चढतो तो क्षाराने निघत नाही, त्याला आम्लच लागते, आणि चिंचेतील टार्टारिक आम्ल तो थर विरघळवते. म्हणून सणाच्या आदल्या दिवशी गुंड (वऱ्हाडात पाणी साठवण्याच्या मोठ्या भांड्याला हा शब्द आहे), गडवे, पराती आणि देवघरातील ताम्हण-पळी चिंचेने घासून काढण्याची चाल होती. रोजची खरकटी भांडी राखेने आणि सणाची पितळ चिंचेने, अशी ही कामाची वाटणी होती.

वऱ्हाडच्या घरांत ही पितळ मोठ्या प्रमाणावर येण्यामागे लोहमार्ग आणि कापूस ही दोन कारणे होती. 1853 मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिले, आणि ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग अकोला-बडनेऱ्यावरून 1867 मध्ये नागपूरला पोहोचला. कापूस मुंबईकडे जाऊ लागला आणि परतीच्या गाड्यांतून विलायती तांब्या-पितळेचे पत्रे येऊ लागले. या पत्र्यांवर काम करणारे तांबट आणि तयार भांडी विकणारे कासार यांचा व्यवसाय त्यामुळे वाढला. जऊळक्याच्या परिसरात मात्र त्या काळात रेल्वे नव्हती. निजामाच्या राज्यात पूर्णेहून हिंगोलीपर्यंत आलेला फाटा स्वातंत्र्यानंतर अकोल्याकडे वाढवण्यात आला, आणि तोवर अकोला किंवा वाशीमच्या बाजारातून बैलगाडीनेच माल आणावा लागे.

पितळेचे भांडे हे त्या काळी स्वयंपाकाचे साधन जितके होते तितकेच साठवणीचेही होते. लग्नात मुलीला दिलेल्या गुंडावर, परातीवर, ताटावर तिचे किंवा वडिलांचे नाव घालून घेत. नाव घालणारा कारागीर छिन्नी आणि लहान हातोडीने ठिपक्या-ठिपक्यांनी अक्षरे उठवीत असे, आणि प्रत्येक घासणीबरोबर त्या ठिपक्यांच्या कडा थोड्या थोड्या झिजत. ज्या भांड्यावरचे नाव आज बोटाने चाचपूनच वाचता येते, त्या भांड्यावर तीन-चार पिढ्यांतील स्त्रियांचे हात फिरलेले असतात. या कामाची नोंद कुठल्या दप्तरात सापडत नाही, ती त्या पुसट अक्षरांतच आहे. भांडे गळू लागले किंवा चिरले तरी ते वाया जात नसे. ते कासाराकडे नेले की त्याचे वजन होई, घट म्हणजे वितळवताना होणारी तूट वजा करून मोडीचा भाव ठरे, आणि वर मजुरी देऊन नवे भांडे मिळे.

या व्यवस्थेतील सर्वांत नाजूक कडी कल्हईची होती. पितळेत किंवा तांब्यात आंबट पदार्थ ठेवला की तो कळकतो, म्हणजे धातूचे विषारी क्षार त्यात उतरतात आणि त्याची चव व रंग बिघडतो. ताक, कढी आणि चिंचेचे वरण यांना म्हणूनच कल्हईचे भांडे लागे. कल्हईवाला अंगणात लहान खड्डा खणून भाता लावी, भांडे निखाऱ्यावर तापवी, त्यात नवसागर टाकी, आणि पांढरा धूर उठताच कथलाची कांडी आत फिरवून कापसाच्या बोळ्याने ते वितळलेले कथील सर्वत्र पसरवी. कथील 232 अंश सेल्सिअसला वितळते, त्यामुळे साध्या कोळशाच्या भट्टीवर हे काम होऊ शकते. नवसागर धातूचा पृष्ठभाग स्वच्छ करतो, म्हणून कथील त्याला धरते. भांडी घासणाऱ्या स्त्रीला या पातळ थराचे भान ठेवावे लागे. आतून मऊ, चाळलेली राख आणि बाहेरून, जिथे काजळी धरलेली असे तिथे, खरखरीत माती, असा भेद न पाळला तर कल्हई वेळेआधी उडे.

भांडी घासण्याची जागाही ठरलेली होती. जेवताना तोंडाचा स्पर्श झालेले ते उष्टे आणि शिजलेल्या अन्नाचे शिते-कण लागलेले ते खरकटे. ही दोन्ही चुलीच्या जवळ येऊ नयेत असा सोवळ्या-ओवळ्याचा नियम असल्यामुळे भांडी परसात, न्हाणीपाशी किंवा मोरीत घासली जात. घरात हे काम बहुधा सर्वांत धाकट्या सुनेकडे असे, आणि सधन घरांत ते मोलाने करून घेतले जाई. उष्टे काढण्याच्या कामाला जातीच्या उतरंडीत हीन लेखले गेले, तर अस्पृश्य मानलेल्यांच्या भांड्यांना आणि त्यांच्या हातच्या पाण्याला घरात थाराच नव्हता. वऱ्हाडाच्याच भूमीत, अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे 1876 मध्ये जन्मलेल्या गाडगे महाराजांनी एकच मातीचे गाडगे डोक्यावर धरले आणि त्यातच भाकरी खाल्ली; गावोगाव खराट्याने झाडलोट करणाऱ्या या संताचे ते भांडे कुणा दुसऱ्याला घासावे लागत नव्हते, ही गोष्ट लहान वाटली तरी तिचा अर्थ मोठा आहे. वर्ध्याजवळच्या सेवाग्राम आश्रमात 1936 नंतर प्रत्येकाने आपले ताट आपण घासण्याचा जो परिपाठ राहिला, त्याचे मोलही याच पार्श्वभूमीवर कळते.

घासण्याच्या श्रमातून पूर्ण सुटका देणारी एकच जुनी वस्तू होती, ती म्हणजे पत्रावळ. पळसाची पाने काड्यांनी टोचून केलेल्या पत्रावळीवर आणि द्रोणात शेकडो माणसे जेवत, आणि नंतर ती उकिरड्यावर जाऊन तिचे खत होई. पुढे थर्माकोलच्या ताटांनी तिची जागा घेतली आणि खत होण्याची गोष्ट संपली. महाराष्ट्र शासनाने मार्च 2018 च्या अधिसूचनेने अशा ताटांवर बंदी घातली.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात धातू बदलला. अ‍ॅल्युमिनियम आधीच आले होते; त्यानंतर स्टेनलेस स्टील आले आणि कल्हईवाल्याची हाक गल्लीतून हळूहळू नाहीशी झाली. स्टीलमधील क्रोमियम हवेशी संयोग पावून पृष्ठभागावर अतिशय पातळ संरक्षक पापुद्रा तयार करते, त्यामुळे त्यात ताक कळकत नाही आणि चिंचेचेही काम उरत नाही. जुने कपडे घेऊन स्टीलची भांडी देणारी बोहारीण घराघरांत पोहोचली. चूल बदलली ती त्यानंतर. शहरांत गॅस आधी आला, पण ग्रामीण घरांत त्याचा मोठा प्रसार 1 मे 2016 रोजी सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेनंतर झाला; जिथे सिलिंडर नियमित भरला गेला तिथे काजळी गेली आणि तिच्यासोबत राखही गेली. फुकट मिळणारे घासण्याचे द्रव्य घरातून नाहीसे झाले आणि दुकानातील भांड्यांच्या वडीवर पैसे मोजणे अपरिहार्य झाले. धुरापासून स्त्रीच्या डोळ्यांची आणि फुफ्फुसांची सुटका होणे हे इतके मोलाचे आहे की या खर्चाची तक्रार करणे योग्य होणार नाही, पण दोन्ही बदल एकाच सिलिंडरने घडवले ही नोंद इतिहासाला करावीच लागते.

जागेचा बदल ओट्याने घडवला. बसून रांधण्याऐवजी उभ्याने रांधण्याची पद्धत आली, कडप्प्याचा म्हणजे आंध्रातील कडप्पा भागातून येणाऱ्या काळ्या दगडाचा ओटा झाला, त्यातच सिंक बसले, आणि उष्टी भांडी प्रथमच शेगडीपासून दोन हातांवर आली. सोवळ्याचा जुना नियम वादविवादाने जितका मोडला नाही तितका या दगडाने मोडला.

भांडी धुण्याच्या यंत्राचा उगम मात्र दूर अमेरिकेत आहे. इलिनॉय राज्यातील शेल्बीव्हिल येथील जोसेफिन कॉक्रन यांनी 28 डिसेंबर 1886 रोजी आपल्या यंत्राचे पेटंट मिळवले. त्याआधीच्या यंत्रांपेक्षा त्यांचे यंत्र वेगळे होते, कारण त्यात भांडी तारेच्या कप्प्यांत पक्की बसत आणि साबणाच्या पाण्याचा दाबच त्यांना स्वच्छ करी. 1893 च्या शिकागो प्रदर्शनात ते मांडले गेले आणि मुख्यतः हॉटेलांनी विकत घेतले. घरात ते रुळण्यासाठी नळाचे गरम पाणी, वीज आणि मापाचा ओटा या तिन्ही गोष्टी सार्वत्रिक व्हाव्या लागल्या, आणि पाश्चात्त्य देशांतही हे दुसऱ्या महायुद्धानंतरच घडले.

महाराष्ट्रात या यंत्राची वाट दीर्घकाळ अडली, आणि त्याचे खरे कारण मोलकरणीच्या श्रमाची स्वस्ताई हे होते. पुण्यात 1980 मध्ये मोलकरणींनी संप केला, नागपुरात डॉ. रूपा कुलकर्णी-बोधी यांच्या पुढाकाराने विदर्भ मोलकरीण संघटना उभी राहिली, आणि 2008 मध्ये राज्याने घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. तरीही धुण्याभांड्याचा मोबदला इतका कमी राहिला की यंत्र घेणे कुणाला परवडणारे वाटले नाही. 25 मार्च 2020 पासूनच्या टाळेबंदीत मोलकरणींना घरांत येण्यास मनाई झाली, महिनोन्‌महिने त्यांची मिळकत थांबली, आणि त्याच काळात शहरांतील डिशवॉशरची मागणी एकाएकी वाढली. या दोन घटना एकाच साथीच्या आहेत, आणि दुसरीचे वर्णन करताना पहिली विसरणे हा अन्याय ठरेल.

त्या लाटेत घेतलेली बहुतेक यंत्रे सुटी, म्हणजे भिंतीलगत उभी करायची होती. घराच्या नूतनीकरणाबरोबर त्यांच्या जागी बिल्ट-इन, म्हणजे ओट्याखालीच बसणारे आणि कपाटाचे दार लावलेले यंत्र येऊ लागले, तेव्हा अडचण यंत्राची नसून ओट्याची असते. हे यंत्र सुमारे 60 सेंटिमीटर रुंद असते आणि त्याला सुमारे 82 सेंटिमीटर उंचीची मोकळी जागा लागते, तर जुन्या ओट्याचे कडप्प्याचे उभे पाय सिलिंडर आणि डबे मावतील अशा अंतरावर रोवलेले असतात. त्यामुळे पाय काढून वरच्या दगडाला दुसरा आधार द्यावा लागतो, पाण्याचा नळ आणि विजेचे बटण यंत्राच्या पाठीमागे न घेता शेजारच्या कपाटात घ्यावे लागते, आणि सांडपाण्याच्या नळीला आधी वर वळण देऊन मगच ती खाली सोडावी लागते, म्हणजे सिंकचे घाण पाणी उलटे यंत्रात शिरत नाही. जुन्या यंत्राला मोडीचा तसा भाव येत नाही. 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनी अशा उपकरणांच्या पुनर्चक्रीकरणाची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. कासाराच्या तराजूने जे काम गावातच होई त्यासाठी आता कायदा करावा लागला.

पाण्याचा प्रश्न पुन्हा उभा राहतो तो इथेच. बेसॉल्टच्या म्हणजे काळ्या अग्निजन्य खडकाच्या भेगांतून येणाऱ्या विहिरी-बोअरच्या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार असतात. अशा दुष्फेन पाण्यात साबणाला फेस कमी येतो आणि काचेवर पांढरट पापुद्रा धरतो. म्हणून यंत्राच्या तळाशी एक कप्पा असतो, त्यातील राळेचे मणी कॅल्शियम ओढून घेऊन सोडियम सोडतात आणि जाडे मीठ त्या मण्यांना पुन्हा ताजे करते. एका फेरीला हे यंत्र साधारण 10 लिटर पाणी घेते. त्यात टाकायच्या भुकटीत सोडियम कार्बोनेट असते, जे राखेतील क्षाराचे सख्खे भावंड आहे, आणि यंत्रावर चढलेला क्षारांचा थर काढायला सायट्रिक आम्ल वापरतात, जे चिंचेचे काम करते. लोखंडी तवा, लाकडी पोळपाट आणि कल्हईचे पातेले यांना मात्र या यंत्रात जागा नाही. गरम क्षारी पाण्याने तवा गंजतो, पोळपाट फुगतो आणि पितळ काळवंडते. त्यामुळे ज्या घरात ओट्याखाली नवे यंत्र बसले आहे तिथेही देवघरातील ताम्हणासाठी चिंचेची वाटी भिजतच असते.