हमीपत्राचा इतिहास : अमेरिकेतील समुदाय विकास अनुदान आणि स्थानिक शासनांवरील अटी

प्रस्तावना

केंद्रीय अनुदानासोबत अटी येतात आणि अटींसोबत त्या पाळल्याचा पुरावा देण्याचे बंधन येते. हा पुरावा कोणत्या स्वरूपात घ्यावा आणि तो कोणी तपासावा, हा प्रशासनाइतकाच राजकीय इतिहासाचाही प्रश्न आहे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९७४ पासून राबविल्या जाणाऱ्या ‘समुदाय विकास ठोक अनुदान’ योजनेच्या आधारे प्रस्तुत निबंधात या प्रश्नाचा विचार केला आहे. अटी वाढल्या म्हणून त्यांचे पालन वाढले, असे या इतिहासात आढळत नाही. अनुदान देणारा व घेणारा यांच्याखेरीज तिसऱ्या कोणाला छाननीचा मार्ग उपलब्ध झाला, तेव्हाच अटींना धार आली.

योजनेचा उगम

१९४९ च्या गृहनिर्माण कायद्यानंतर नागरी पुनर्निर्माण, आदर्श नगरे, पाणीपुरवठा व मलनिस्सारण, मोकळ्या जागा अशा अनेक स्वतंत्र योजना अस्तित्वात आल्या. प्रत्येक योजनेचा अर्ज वेगळा, नियम वेगळे आणि मंजुरीही वेगळी होती. निर्णयाचे अधिकार राज्ये व नगरे यांच्याकडे सोपवावेत, या निक्सन यांच्या धोरणातून या योजना एकत्र करण्याची कल्पना पुढे आली. २२ ऑगस्ट १९७४ रोजी राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी गृहनिर्माण व समुदाय विकास कायद्यावर स्वाक्षरी केली. सूत्राधारित एकत्रित निधी आणि तो कशावर खर्च करावा याची स्थानिक मोकळीक, हे या कायद्याचे वैशिष्ट्य होय.

मोकळीक मात्र निरपवाद नव्हती. अल्प व मध्यम उत्पन्नाच्या कुटुंबांना लाभ देणाऱ्या अथवा गलिच्छ वस्त्यांचे निवारण करणाऱ्या कामांना शक्य तितका अग्रक्रम द्यावा, भेदभाव करू नये, नागरिकांचा सहभाग घ्यावा, या अटी मूळ कायद्यातच होत्या. पर्यावरणविषयक तपासणीची जबाबदारी स्थानिक शासनाने स्वीकारावयाची होती. बांधकाम मजुरांना १९३१ च्या डेव्हिस-बेकन कायद्यानुसार प्रचलित वेतन देणेही बंधनकारक होते.

मंजुरीकडून हमीकडे

अनुदानासाठी गृहसाहाय्य आराखडा आवश्यक होता. भविष्यात नगरात राहावयास येणे अपेक्षित असलेल्या अल्प उत्पन्न कुटुंबांची गरजही त्यात नोंदवावयाची होती. पहिल्या वर्षी गृहनिर्माण व नगरविकास खात्याने या आकड्याबाबत सूट दिली. गरिबांचा भार एकट्याने वाहणाऱ्या हार्टफर्ड शहराने आपल्या सात उपनगरांच्या अनुदानाला न्यायालयात आव्हान दिले. १९७६ मध्ये जिल्हा न्यायालयाने शहराच्या बाजूने निर्णय दिला. परंतु १९७७ मध्ये अपील न्यायालयाने, शहराला दावा करण्याचा अधिकारच पोहोचत नाही, या कारणास्तव तो फिरविला. मूळ प्रश्न अनुत्तरितच राहिला.

१९८१ मध्ये रेगन प्रशासनाच्या काळात सविस्तर अर्जाची पद्धत रद्द झाली. तिच्या जागी उद्दिष्टांचे निवेदन व हमीपत्रे आली. पूर्वतपासणी सैल होत असताना कायद्यातील आकडे मात्र कडक होत गेले. अल्प व मध्यम उत्पन्न गटाच्या लाभासाठी किमान खर्चाचे प्रमाण १९८३ मध्ये ५१ टक्के ठरले. पुढे ते ६० टक्के आणि १९९० च्या कायद्याने ७० टक्के झाले. तथापि, एखाद्या परिसरातील ५१ टक्के रहिवासी या गटातील असतील, तर तेथील रस्त्यावर वा उद्यानावर झालेला संपूर्ण खर्च या प्रमाणात मोजता येतो. त्यामुळे हिशेबात दिसणारा लाभ आणि गरजू कुटुंबापर्यंत पोहोचलेला लाभ एकच असेल, असे म्हणता येत नाही.

वेस्टचेस्टर खटला

न्यूयॉर्क शहरालगतच्या वेस्टचेस्टर काउंटीने दरवर्षी न्याय्य गृहनिर्माणाला चालना देत असल्याची हमी दिली होती. २००० ते २००६ या काळात तिला ५ कोटी डॉलरहून अधिक निधी मिळाला. २००६ मध्ये एका भेदभावविरोधी संस्थेने ही हमी खोटी असल्याचा दावा दाखल केला. त्यासाठी यादवी युद्धातील लबाड पुरवठादारांविरुद्ध १८६३ मध्ये झालेल्या खोट्या दाव्यांविषयीच्या कायद्याचा आधार घेण्यात आला. शासनाच्या वतीने दावा करण्याची मुभा हा कायदा खासगी व्यक्तींना देतो. गृहनिर्माणातील अडथळ्यांचा विचार करताना काउंटीने वंशाचा विचारच केला नव्हता, असे फेब्रुवारी २००९ मध्ये न्यायाधीश डेनिस कोट यांनी नमूद केले आणि हमीपत्रे खोटी ठरविली. त्याच वर्षी ६ कोटी २५ लाख डॉलरची तडजोड झाली. प्रामुख्याने श्वेतवर्णीय वस्ती असलेल्या नगरांत ७५० परवडणारी घरे उभारण्याचे काउंटीने मान्य केले.

२०१५ मध्ये खात्याने न्याय्य गृहनिर्माणासाठी तपशीलवार मूल्यमापनाची सक्ती केली. २०२० मध्ये हा नियम रद्द झाला, २०२१ मध्ये त्याची व्याख्या व हमीपत्र अंशतः परत आले आणि २०२५ मध्ये पुन्हा सर्वसाधारण हमी पुरेशी मानण्यात आली.

समारोप

हार्टफर्ड येथे प्रश्न विचारणाऱ्याला न्यायालयाचे दार बंद झाले. वेस्टचेस्टर येथे ते एका जुन्या कायद्यामुळे उघडले. दोन्ही ठिकाणी अट लिखित स्वरूपात होती. फरक होता तो हमीपत्र वाचून त्याचा जाब विचारू शकणाऱ्या बाहेरच्या पक्षाचा. अनुदानाच्या अटी ठरविताना आकडे आणि प्रपत्रे यांच्याइतकाच विचार या तिसऱ्या पक्षाच्या अधिकाराचा व्हावयास हवा. अन्यथा वंचितांच्या नावाने आलेला निधी खर्च होतो, कागद पूर्ण होतात आणि वस्त्यांमधील भिंती तशाच राहतात.