गळती आणि गळंती

वाचकहो, श्रावणात महादेवाच्या देवळात गेलात की पिंडीवर टांगलेले तांब्याचे भांडे तुम्ही पाहिले असेल. त्याच्या बुडाला बारीकसे भोक असते आणि त्यातून थेंबथेंब पाणी पिंडीवर पडत राहते. त्या भांड्याला आपण गळंती म्हणतो. तेच पाणी घरातल्या नळाच्या सांध्यातून पडू लागले, की ती झाली गळती. एका अनुस्वाराचा काय तो फरक! आपण ठरवलेल्या जागी पडले तर गळंती, भलतीकडे पडले तर गळती. या दोघींची हकीकत जुनी आहे, आणि ती आपल्या मराठवाड्यातूनच सांगता येते.

निमित्त रेणापूरचे. लातूरच्या उत्तरेला, मांजरेला मिळणाऱ्या रेणा नदीच्या काठचे हे रेणुकादेवीचे गाव. जमीन काळी, उन्हाळा कडक. इथल्या एखाद्या परसात डोकावा. चार वांगी, दोन शेवगे, एक लिंबू आणि कढीपत्ता. उंचावर टाकी, टाकीपासून पांढरा पाइप, आणि पाइपातून निघालेल्या बोटाएवढ्या काळ्या नळ्या. हेच घरगुती ठिबक. टाकी भरून चावी उघडली, घटकाभराने पाहावे तर लिंबाचे आळे कोरडे, आणि टाकीखाली मात्र चिखल! मग घरचे कुणी तरी सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळते, त्यावर सुतळी गुंडाळते. दोन दिवस बरे जातात. तिसऱ्या दिवशी पुन्हा चिखल.

यात नवे काही नाही, बरं का. पाणी वाहून न्यायचे साधन जेव्हापासून आहे, तेव्हापासून ते सांध्यातच फुटत आले आहे. आपल्या पणज्यांच्या काळी विहिरीवर मोट चाले. कातड्याची मोट शिवणीतून गळे. वर येईतो निम्मे पाणी परत विहिरीत. ती शिवून देणारा कारागीर गावातच असे, आणि सुगीला त्याला धान्याचे बलुते मिळे. त्या व्यवस्थेत त्याला कोणते स्थान होते, त्याला त्याच विहिरीचे पाणी भरू देत होते का, हे आठवले म्हणजे तिचे गोडवे गाण्याची इच्छा होत नाही. पण एक गोष्ट खरी. गळणारी मोट दुरुस्त करण्याचे ज्ञान तेव्हा गावाच्या शिवेत होते. हा मुद्दा लक्षात ठेवा, मी पुन्हा त्याकडे येणार आहे.

आता सोलापूरच्या पलीकडे विजापूरला चला. आदिलशाहीत शहराबाहेरच्या तोरवीकडून आणि 1651 साली बांधलेल्या बेगम तलावातून शहराला पाणी आणत. नळ भाजलेल्या मातीचे, एकाच्या तोंडात दुसरा बसवलेला, भोवताली चुन्याचा जाड थर. पाणी उंचावरून खाली येऊ लागले की नळात दाब वाढतो, आणि तो पहिला घाव घालतो सांध्यावर. यावर त्या कारागिरांनी काय केले? वाटेत ठिकठिकाणी दगडी मनोरे उभारले. लोक त्यांना गंज म्हणत. पाणी मनोऱ्यात चढे, तिथे दाब मोडे, गाळ तळाशी बसे, आणि निवळ पाणी पुढच्या नळात उतरे. आजही शहरात हे मनोरे उभे दिसतात. मला स्वतःला गोलघुमटापेक्षा त्यांचे कौतुक अधिक वाटते.

मराठवाड्यातही तेच. 1610 साली मलिक अंबरने खडकी वसवली, तेच पुढे औरंगाबाद झाले आणि आता छत्रपती संभाजीनगर. जमिनीखालून आणलेली त्याची नहर अभ्यासायला आजही लोक येतात. पुढे बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यापाशी पाणचक्की झाली. मातीच्या नळांतून दूरवरून आलेले पाणी तिथे इतक्या जोराने पडे, की त्यावर धान्य दळणारे जाते फिरे. सांधे पक्के नसते तर ते जाते फिरलेच नसते.

इथवर झाली गळतीची गोष्ट. ती गळंती कशी बनली, हे मात्र परदेशात घडले. सिम्खा ब्लास नावाचे पाणी-इंजिनिअर 1930 च्या सुमारास पॅलेस्टाइनमध्ये काम करीत होते. सांगतात, की एका शेतकऱ्याने त्यांना एक भले मोठे झाड दाखवले. त्याला कुणी पाणी घालत नव्हते. मुळाशी उकरून पाहिले, तर जवळच्या नळाचा सांधा थेंबथेंब गळत होता! वर ओल हातभर, खाली मात्र कांद्यासारखी फुगत गेलेली. दुसरा कुणी असता तर सांधा आवळून घरी गेला असता. ब्लासांच्या मनातून ते झाड गेले नाही. पण लोखंडी नळांनी असे शेत भिजवायचे म्हणजे सोन्याच्या भावाचे काम. दुसऱ्या महायुद्धानंतर प्लॅस्टिक स्वस्त झाले तेव्हा कुठे जमले. नुसते बारीक भोक गाळाने बुजते, म्हणून त्यांनी पाण्याला लांब, नागमोडी वाटेने फिरवले. भोक मोठे राहिले, पण वाटेतल्या घर्षणाने पाण्याचा जोर संपला आणि शेवटी उरला थेंब. 1965 साली नेगेव वाळवंटातल्या हात्झेरिम वसाहतीशी त्यांचा करार झाला आणि तिथून कारखाना उभा राहिला.

आपल्याकडे 1980 नंतरच्या दशकात जळगावचे भवरलाल जैन यांनी ही विद्या शेतापर्यंत नेली. राज्य सरकारचे अनुदानही त्याच दशकात सुरू झाले. मराठीने तिला लगेच घरचे नाव दिले: ठिबक.

आणि मग आले 2016 साल. 12 एप्रिलला पहाटे मिरजेहून पाण्याची आगगाडी लातूरला पोचली. दहा वाघिणी, प्रत्येकीत 50 हजार लिटर, एकूण 5 लाख. शिक्षक मंडळींनी हा हिशेब वर्गात जरूर करून घ्यावा. गळत्या सांध्याखाली लिटरभराचा तांब्या धरा आणि घड्याळ पाहा. समजा मिनिटात भरला. म्हणजे तासाला 60 लिटर. ताशी 4 लिटरच्या तोट्या धरल्या, तर पंधरा झाडांचे पाणी गेले. रोज तीन तास ठिबक चालले तर 180 लिटर, महिन्याला 5,400. अशी नऊ-दहा घरे झाली की मिरजेहून आलेली एक वाघीण चिखलात गेली.

आता मघाचा मुद्दा. मोट शिवणारा गावात होता. ठिबकचे सामान तालुक्याच्या दुकानातून येते, अनुदानही येते, पण सांधा का गळतो हे सांगणारा त्याबरोबर येतोच असे नाही. पंचवीस रुपयांची वस्तू मिळाली नाही म्हणून सगळा संच गुंडाळून माळ्यावर टाकलेला मी पाहिला आहे. म्हणून चार गोष्टी इथेच सांगतो.

पहिले म्हणजे, पाणी चालू ठेवून पहाटे नळीबरोबर चालत जा. ओल दिसते तिथेच भोक असते असे नाही. पाणी पाइपावरून ओघळून पुढे टपकते. आट्यांचा सांधा गळत असेल तर सोडवा, जुनी टेप खरवडा, आट्या ज्या बाजूने आवळतात त्याच बाजूने नवी टेप पाच-सहा वेढे गुंडाळा. उलट गुंडाळली तर आवळताना ती सुटते. आणि हाताने घट्ट झाल्यावर पान्याने थोडेच. लोखंडाची सवय असलेला हात इथे घात करतो. प्लॅस्टिकची कड तडकते.

पांढऱ्या पाइपातून काळी नळी निघते तिथे रबराची कडी असते, दुकानात तिला ग्रोमेट म्हणतात. ती उन्हाने कडक झाली की बदलायची. तिच्यावर पट्टी टिकत नाही. बसवताना तेल नको, साबणाचे पाणी पुरे. पांढऱ्या पाइपाचा सांधा चिकटवायचा तर आतून कोरडा, स्वच्छ हवा. वरून सोल्युशन माखून गळती थांबत नाही. चिकटवल्यावर एक दिवस पाणी सोडू नका. काळ्या नळीला मात्र हे सोल्युशन चिकटतच नाही, ते प्लॅस्टिक निराळे. तिचा चिरलेला भाग दोन बोटे पुढून सरळ कापा, टोक गरम पाण्यात बुडवून मऊ करा आणि जॉइनरवर दाबून बसवा. विस्तवावर धरू नका; नळी पातळ होते आणि पुन्हा तिथेच फाटते.

हे सगळे करूनही सांधे निसटत असतील, तर विजापूरचे मनोरे आठवा. दोष सांध्याचा नसून दाबाचा असेल. परसातल्या टाकीने सहसा असे होत नाही, मोटार थेट जोडली की होते. मोटारीचे पाणी आधी टाकीत पाडा आणि टाकीतून नळीला द्या. तुमची टाकी तोच तुमचा गंज. गाळणी दर आठवड्याला धुवा, नळीच्या शेवटचे टोपण उघडून गढूळ पाणी जाऊ द्या. आपल्या विहिरींच्या पाण्यात क्षार फार. तोटीच्या तोंडाशी पांढरे पुट बसते, तेही काढत चला.

राहिली खार. एप्रिल-मेमध्ये तीही तहानलेली असते, आणि नळीतले पाणी तिला बाहेरून कळते. ती कुरतडते ती बरोबर तोटीच्या शेजारी. तिला हाकलून उपयोग नाही. शेवग्याखाली एका परळात पाणी भरून ठेवा, आणि ते रोज सकाळी बदला.