सिकलसेलची नवी पट्टी : निकालावर किती भरवसा ठेवायचा?

गोंदिया जिल्ह्याला सिकलसेल नवा नाही. मध्य भारतातल्या या आजाराची नोंद 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात १९५८ सालीच छापून आली होती. "तो आदिवासींचा आजार, आपल्यात नसतो," असं आपल्या मोहल्ल्यात आजही ऐकू येतं. पण हा दोष आईबापाकडून येतो, जात-धर्म पाहून नाही.

१ जुलै २०२३ रोजी शहडोलहून राष्ट्रीय मोहीम सुरू झाली; ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी हे तिचं लक्ष्य. त्यासाठी बोटाच्या थेंबभर रक्तावर काही मिनिटांत निकाल देणारी पट्टी आली. जुनी सोल्युबिलिटी चाचणी फक्त 'एस' हिमोग्लोबिन आहे की नाही एवढंच सांगते. वाहक कोण आणि रुग्ण कोण, हे तिला कळत नाही, शिवाय सहा महिन्यांखालच्या बाळात ती फसते. पट्टी वाहक आणि रुग्ण वेगळे दाखवते.

मग पट्टी खरी बोलते हे ठरवायचं कसं? तेच रक्त प्रयोगशाळेच्या एचपीएलसी मशीनवर घालून दोन्ही निकाल ताडून बघायचे. आयसीएमआरच्या मुंबईतल्या इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेने पट्टीची अशी तुलना केलेली आहे. अभ्यास कुणावर झाला, त्यात तान्ही बाळं होती का, हे विचारलंच पाहिजे.

जाहिरातीतले '९९ टक्के अचूक' हे शब्द मात्र जपून वाचा. आम्ही वर्गात टक्केवारी शिकवतो, म्हणून हिशोब मांडतो. समजा, १,००० जणांत १० रुग्ण आहेत. पट्टी ते जवळपास सगळे पकडेल. पण उरलेल्या ९९० निरोगी लोकांपैकी एक टक्का, म्हणजे सुमारे १० जणांनाही ती रुग्ण ठरवेल. म्हणजे रुग्ण ठरलेल्या २० पैकी निम्मे चुकीचे! पट्टीवर रुग्ण दिसला की एचपीएलसी करायचीच, ती याचसाठी.

वाचनातही गफलत होते. 'हिमोटाइप एससी' पट्टीवर रेघ दिसली नाही तर ते हिमोग्लोबिन आहे असं समजायचं. 'सिकल स्कॅन'वर बरोबर उलटं, रेघ दिसली तर आहे. सवयीने वाचलं की निकाल फिरलाच. गेल्या तीन महिन्यांत रक्त चढवलेल्या माणसात तर दात्याचं हिमोग्लोबिनही मिसळलेलं असतं. तपासणाऱ्याला ते आधी सांगा.

सगळ्यात नाजूक बाब रिश्त्याची. मुलगा सिकलसेलचा वाहक, मुलीची पट्टी 'नॉर्मल', म्हणून दोन्ही घरं निश्चिंत होतात. पण या पट्ट्या थॅलेसेमियाचा वाहक ओळखत नाहीत. मुलगी बीटा थॅलेसेमियाची वाहक असेल, तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक वेळा बाळाला दोन्ही दोष मिळून सिकल-थॅलेसेमिया होऊ शकतो. एचपीएलसीच्या अहवालात 'ए-टू' हिमोग्लोबिनचा आकडा असतो, त्यावरून हे बहुतेक वेळा कळतं. निकाहाची तारीख धरण्याआधी दोन्हीकडचा तो कागद डॉक्टरांना दाखवा.