मधुमद्य : बारामती–इंदापूर परिसर

मधुमद्य : मध पाण्यात विरल करून व आंबवून तयार केलेले मद्यार्कयुक्त पेय. फळांचा रस व मसाल्याचे पदार्थ घातल्यास त्याचे मसालेदार फलमधुमद्य होते. आयुर्वेदातील आसव व अरिष्ट ही किण्वित औषधे त्याच्या सर्वांत जवळची होत. पुणे जिल्ह्यातील बारामती व इंदापूर या तालुक्यांत द्राक्षे, डाळिंबे, गूळ व मध हा सर्व कच्चा माल उपलब्ध आहे; तथापि या पेयाच्या घरगुती निर्मितीचा इतिहास कच्च्या मालापेक्षा कायद्यानेच अधिक घडविला आहे.

प्राचीन उल्लेख : कौटिलीय अर्थशास्त्राच्या सुराध्यक्षविषयक प्रकरणात मेदक, प्रसन्ना, आसव, अरिष्ट, मैरेय व मधू असे मद्याचे सहा प्रकार आढळतात. यांपैकी ‘मधू’ हे नाव द्राक्षरसाच्या मद्याचे आहे. मध हा घटक येतो तो आसवात. त्यासाठी कवठ १ तुला, फाणित (आटवलेला उसाचा रस) ५ तुला व मध १ प्रस्थ असे प्रमाण दिले आहे. मद्याचा व्यवहार राज्याच्या ताब्यात असला, तरी कुटुंबांना समारंभासाठी श्वेतसुरा व औषधासाठी अरिष्ट घरी करण्याची मुभा होती. घरगुती वापर, औषध व विक्री यांत कायद्याने केलेला हा भेद पुढेही महत्त्वाचा ठरला. चरकसंहितेत धान्य, फळे, मुळे, फुले, साली इ. नऊ प्रकारच्या द्रव्यांपासून होणारी ८४ आसवे सांगितली असून त्यांपैकी २६ फळांची आहेत.

कृती : शार्ङ्गधरसंहितेनुसार द्रव्ये न उकळता केलेले ते आसव व काढ्यापासून केलेले ते अरिष्ट. प्रमाण दिलेले नसेल तेथे १ द्रोण द्रवास १ तुला गूळ, गुळाच्या निम्मा मध व एक-दशांश प्रक्षेपद्रव्ये घ्यावीत, असा नियम आहे. आजच्या मापात तुला म्हणजे सु. ४.८ किग्रॅ.; म्हणून मध सु. २.४ किग्रॅ. होतो. द्राक्षारिष्टात दालचिनी, वेलदोडा, तमालपत्र, नागकेशर, मिरी व पिंपळी ही प्रक्षेपद्रव्ये येतात. मिश्रण तुपाचा हात फिरवलेल्या मडक्यात भरून तोंड लिंपतात व मडके धान्याच्या राशीत किंवा जमिनीत पुरून सु. महिनाभर ठेवतात.

मधात सु. ८० टक्के शर्करा असल्याने तो विरल केल्याविना आंबत नाही. त्यात नायट्रोजनयुक्त पोषकद्रव्ये अल्प असतात; ती व आवश्यक आम्लता फळांच्या रसातून मिळते. धायटीच्या फुलांवरील यीस्टमुळे किण्वनास चालना मिळते. किण्वनानंतर हवा शिरल्यास मद्यार्काचे ॲसिटिक आम्ल होऊन पेय आंबट होते. मडक्याचे तोंड लिंपण्यामागे हेच कारण आहे.

परिसर : नीरा, कऱ्हा व भीमा या नद्यांच्या खोऱ्यांतील हा प्रदेश पर्जन्यछायेत असून मूळचा ज्वारी-बाजरीचा आहे. येथे मध मिळे तो मुख्यतः आग्या व फुलोरी माश्यांच्या रानटी पोळ्यांतून. हा पुरवठा अनिश्चित असल्याने मध औषधाच्या अनुपानापुरताच वापरला जाणे स्वाभाविक होते. १८८५ मध्ये सुरू झालेल्या नीरा डाव्या कालव्याने उसाची शेती वाढली व गूळ मुबलक झाला. १९३० नंतरच्या दशकात वालचंदनगर येथे खाजगी साखर कारखाना उभा राहिला व स्वातंत्र्योत्तर काळात माळेगाव, भवानीनगर व सोमेश्वरनगर येथे सहकारी साखर कारखाने निघाले. द्राक्षे व डाळिंबे ही या भागातील नंतरची महत्त्वाची फळपिके होत.

कायदा : १८७८ च्या मुंबई अबकारी अधिनियमाने परवान्याविना मद्यनिर्मितीस मनाई केली. मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९ (आता महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम) याने ती अधिक कडक झाली. सर्वोच्च न्यायालयाने १९५१ मध्ये एफ. एन. बालसारा खटल्यात मद्यार्कयुक्त औषधे व प्रसाधने यांवरील निर्बंध अवैध ठरविले. पुढे अधिनियमात दुरुस्ती होऊन मद्य म्हणून पिण्यास अयोग्य अशा औषधांना सूट मिळाली. परिणामी एकाच प्रकारच्या किण्वनाला दोन दर्जे मिळाले : द्राक्षासव औषधालयात उघडपणे विकले जाते, तर द्राक्षे, मध व मसाल्यांचे तसेच पेय मद्य म्हणून परवान्याविना करणे, ते स्वतःच्या घरापुरते असले तरी, अपराध ठरते. अर्थशास्त्राने मान्य केलेल्या दोन सवलतींपैकी औषधाची टिकली, समारंभाची लोपली.

महाराष्ट्र शासनाच्या २००१ च्या द्राक्षप्रक्रिया धोरणाने द्राक्षमद्याच्या उद्योगास उत्तेजन मिळाले. त्यानंतर पुणे व नासिक येथे परवानाधारक मधुमद्यशाळाही निघाल्या. बारामती–इंदापूरच्या शेतकऱ्यास मात्र मधमाशीचा थेट लाभ फळबागांतील परागीभवनातून होतो. मध हे त्याचे जोड-उत्पादन होय. त्यापासून मद्य करावयाचे झाल्यास ते घरच्या मडक्यात नव्हे, तर परवानाधारक मद्यशाळेतच करता येते.