नाथांचा हिंदु-तुर्क संवाद

माउली, बिडकीनवरून जी वाट पैठणला जाते, तिथंच नाथबाबांनी हा संवाद रचला. १५९९ साली नाथ गेले. तवा राज्य निजामशाहीचं. नाथांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरी किल्ल्यावर त्याच दरबारचे चाकर. संवादात दोघं आधी कडाकडा भांडतात. तुर्क म्हणतो, दगड काय पुजता? हिंदू म्हणतो, अल्ला सगळीकडे, मग पश्चिमेलाच तोंड का? नाथांनी कुणाचंच उणं झाकलं नाही, हे मला मोठं वाटतं. पोटात राग ठेवून केलेला सलोखा चार दिवस टिकत नाही. शेवटी दोघं नमस्कार करून गळाभेट घेतात. आपली मंडळी विंचू, जोगवा रंगवून म्हणतात, संवाद मात्र मागं राहतो. गावात तंटा झाला की हाच काढावा. सोंगाला दोन गडी पुरे.